गोठ्यातली जाहिरातीची बाई

मंडळी, दुपारपासून डोक्यात नुसता गोंधळ आहे, म्हणून तुम्हालाच विचारते.

मी अमरावतीत चित्रकला शिकवते. आज आमच्या विद्यार्थ्यांच्या प्रदर्शनाचा पहिला दिवस होता. वैष्णवीने बार्शीटाकळीजवळच्या तिच्या घरून जाहिरातीचा जुना फ्लेक्स आणून भिंतीवर टांगला होता. दागिन्यांनी मढलेली हसरी बाई, उन्हाने उडालेले रंग, कडेला शेणाचे डाग. जाहिराती आपल्याला नसलेल्या गरजा कशा विकतात, यावर मी त्याच्यासमोर उभी राहून झकास बोलत होते.

तेवढ्यात वैष्णवीची आई पुढे आली.

"मॅडम, हे बाई खराब हाये का?"

"नाही हो काकू, बाई नाही, जाहिरात..."

"पावसाचं पाणी येते म्हणून गोठ्यात लावली होती. पोरगी इकडं शिकाले आली, घरी बोलाले कोणी नाई. धार काढताना मले हिच्याशीच बोलाची सवय लागली. आता गोठा सुना वाटते."

वैष्णवीने स्टूल ओढलं, फ्लेक्स उतरवला आणि गुंडाळून आईच्या हातात दिला.

"पोरीले रागावू नका बरं," काकू जाताना म्हणाल्या.

भिंत आता रिकामी आहे. खाली मी लिहिलेलं कार्ड तसंच आहे: 'बाजाराने विकलेलं खोटं हसू.' हसू खोटं होतं, हे मला अजूनही पटतं. पण काकूंना मिळालेली सोबत खोटी होती, असं म्हणवत नाही.

उद्या लोक येतील. त्या कार्डावर काय लिहू?