सहाशे सत्तरवर टमाटे

मामाच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन अमरावतीला करायचं ठरलं आणि तो आमच्या घरी मुक्कामाला आला. हिवरखेडला त्याची पिठाची चक्की आहे. चक्की बंद राहील म्हणून तो डोळ्याचं पुढे पुढे ढकलत होता. शेवटी कोणाच्या तरी गव्हात दुसऱ्याची ज्वारी दळली गेली, तेव्हा मामीनं त्याची पिशवी भरली आणि स्वतः एसटीत बसवून दिलं. अकोल्याहून आई आली. वडील गेल्यापासून ती धाकट्या भावाकडे अकोल्याला असते. आई मामाची मोठी बहीण. साठी ओलांडलेल्या भावाला अजूनही चहा बशीत ओतून, फुंकर घालून देते.

ऑपरेशन चांगलं झालं. पट्टी निघाली त्या दिवशी मामा अंगणात बसून शेजारच्या घराच्या निळ्या फाटकाकडे बराच वेळ पाहत होता.

"निळं लय वाढलं बाप्पा दुनियेत," तो म्हणाला.

डॉक्टरांनी ते आधीच सांगून ठेवलं होतं. जुनं, पिवळट पडलेलं भिंग निघालं की निळा रंग उजळून येतो. आई खूश झाली. पुढे तपासणी होऊन घरात काळा चष्मा काढायची परवानगी मिळाली, तेव्हा आईनं त्याला गच्चीवरच्या कुंड्यांमधून भाजीसाठी टमाटे तोडून आणायला पाठवलं. मामा वाटीभर घेऊन खाली आला. त्यात पिकलेले होते तसे कच्चे, कडकही होते.

"डोये नवे बसवले तरी तुही सवय काई गेली नाई," आई म्हणाली. "हातात आलं का तोडलं!"

मामा वाटी ओट्यावर ठेवून बाहेर जाऊन बसला. मी तेवढ्यात कॉलेजातून आलो होतो. ओट्याजवळ जाऊन वाटीत पाहिलं. मलाही सगळे टमाटे एकाच रंगाचे दिसत होते.

माझ्या डोळ्यांचं मला विशीत कळलं. रेल्वेच्या भरतीत लेखी परीक्षा पास झालो आणि वैद्यकीय तपासणीत समोर रंगीत ठिपक्यांचं पुस्तक आलं. त्या ठिपक्यांत आकडे लपलेले असतात म्हणे. मला पहिल्या पानावरचा दिसला, पुढच्या पानांवर नुसते ठिपके. तपासणाऱ्या डॉक्टरांनी दोन वेळा पानं उलटून पाहिली आणि हिरवा आणि लाल मला वेगळे कळत नाहीत असं शांतपणे सांगितलं. घरी येऊन वडिलांना सांगितलं, तर ते आधी चिडले, मग आवाज खाली करून म्हणाले, "आता हे कोनापाशी बोलू नको. लग्नाच्या वक्ताले लोकं पन्नास गोष्टी इचारतीन." आईला त्यांनी एवढंच सांगितलं की नजर कमी भरली. वडिलांचा शब्द घरात शेवटचा असायचा. मी पुढे भौतिकशास्त्र घेतलं, कॉलेजात शिकवायला लागलो, आणि विषय तिथंच राहिला. बायकोला मात्र लग्न ठरतानाच सांगितलं होतं. तिनं त्याचा उपयोग एवढाच केला की माझे शर्ट तीच आणते.

आमच्या विभागात प्रकाशाची एक गाळणी आहे. जेवणाच्या लहान डब्याएवढी. आत काचेच्या चकत्या आहेत आणि त्यांच्यामध्ये, मोबाइलच्या पडद्यात असतं त्या जातीच्या द्रवाचे पातळ थर. विजेचा दाब बदलला की हे थर वेगळे वागतात आणि पांढऱ्या उजेडातला एकच अरुंद पट्टा पलीकडे जाऊ देतात, बाकी सगळा अडवतात. कोणता पट्टा हवा ते संगणकावर त्याच्या तरंगलांबीचा, नॅनोमीटरमधला आकडा टाकून सांगायचं. चारशे साठ म्हटलं तर निळा, साडेपाचशे म्हटलं तर हिरवा, साडेसहाशेच्या पुढे लाल. मागे साधा काळापांढरा कॅमेरा लावला की एकाच पानाचे वेगवेगळ्या पट्ट्यांतले फोटो मिळतात. परतवाड्याच्या बाजूच्या बागांमधून संत्र्याची पानं आणायची, त्यांचे असे फोटो काढायचे, आणि रोग डोळ्यांना दिसायच्या आधी एखाद्या पट्ट्यात दिसतो का ते शोधायचं, हे आमचं काम. निम्मं जमलंय, निम्मं नाही. मला त्या कामात अडचण कधी आली नाही, कारण तिथं लाल हा रंग नसतो, आकडा असतो.

त्या दिवशी मी मामाजवळ जाऊन बसलो आणि सरळ विचारलं, "मामा, टमाटा पिकला हे तुमाले कसं कळते?"

"दाबून पाहतो," तो म्हणाला. "पन बाई म्हनते दाबू नको, खराब होते." आईला तो बाईच म्हणतो.

"रंगावरून?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "लोकं म्हनतात लाल होते. मले वाटते ते बोलायची रीत असन."

दुसऱ्या दिवशी मी त्याला कॉलेजात न्यायचं ठरवलं. गच्चीवरची टमाट्याची एक कुंडीही घेतली. मामा माझ्या मागे स्कूटरवर, डोळ्यांवर ऑपरेशननंतरचा काळा चष्मा, मांडीवर कुंडी, आणि कुंडीतली फांदी माझ्या कानाला लागलेली. राजकमल चौकात सिग्नलला थांबलो तर शेजारचा रिक्षावाला म्हणाला, "काकाजी, झाडाले बी डॉक्टरकडे नेऊन राहिले का?" मामा मोठ्यानं हसला. घरी आल्यापासून प्रथमच.

प्रयोगशाळेत माझी एक विद्यार्थिनी होती. परतवाड्याची; पीएचडी करते आणि बागांमधली पानं तीच आणते. मी तिला थोडक्यात सगळं सांगितलं. तिनं मामाला खुर्ची दिली, गाळणीसमोर पांढऱ्या दिव्याचा मंद उजेड ठेवला आणि म्हणाली, "मामाजी, अठी डोळा लावा. मी आकडा वाढवत जाते. रंग बदलला का सांगा."

"निळं," मामा म्हणाला. "निळं... फिक्कं निळं... आता पांढुरकं झालं. आता पिवळं. पिवळं. पिवळंच."

विद्यार्थिनीनं आकडा वाढवत नेला. मधल्या तिरक्या काचेनं बाजूच्या कागदावर पाडलेल्या उजेडाकडे पाहून ती स्वतःशीच म्हणत होती, "हिरवा... पोपटी... पिवळा... नारंगी... लाल."

मामानं डोळा काढला. "मस्करी करून राहिली का बाई? हे सारं पिवळंच तं होतं."

"नाई मामाजी, खरंच."

मामा माझ्याकडे वळला. मी डोळा लावला. तिनं पुन्हा सुरुवातीपासून आकडे चढवले. मी म्हणत गेलो, "निळं, फिक्कं, पांढुरकं, पिवळं, पिवळं, पिवळं."

मामा उठून उभाच राहिला. "तुलेबी?"

"मलेबी."

"आन तू अठी मास्तर हायेस?"

विद्यार्थिनीला हसू आवरेना. पण मामा हसत नव्हता. तो पुन्हा बसला आणि म्हणाला, "मंग माह्यात कामचुकारपना नोता."

मग त्यानं सांगितलं. तो पंधरा-सोळा वर्षांचा असताना आजोबांनी, म्हणजे त्याच्या वडिलांनी, त्याला पहिल्यांदा एकट्याला टमाट्याच्या तोडणीवर लावलं. घरचा धंदाच भाजीपाल्याचा. माल अकोटच्या बाजारात जायचा. त्यानं भराभर टोपली भरली. आजोबा आले, वरचे टमाटे पाहिले, आणि सगळी टोपली रस्त्यावर ओतली, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावं म्हणून. गावानं त्या दिवशी मामाला जे टोपणनाव ठेवलं ते मी इथं लिहीत नाही. हिवरखेडला अजून काही म्हातारे त्याच नावानं हाक मारतात. पुढच्या तोडणीला त्यानं फार जपून केलं, वेळ लावला, तरी तसंच झालं. मग त्याला मळ्यातून काढलं आणि एका चक्कीवर कामाला ठेवलं.

"चक्की बरी वाटली मले," मामा म्हणाला. "पीठ पांढरं असते. त्यात कोनी चूक काढू शकत नाई."

मी कुंडी कॅमेऱ्यासमोर ठेवली. आधी साडेपाचशे. पडद्यावर काळापांढरा फोटो आला: पानं करडी, हिरवी फळं तशीच करडी, आणि पिकलेली जवळजवळ काळी, सावलीत हरवलेली. मामा म्हणाला, "हे तं तसंच, काई उमजत नाई." मग मी आकडा सहाशे सत्तर टाकला. पानं काळीभोर झाली. कच्ची फळं त्यांच्यात बुडाली. आणि पिकलेले टमाटे दिवे लावल्यासारखे पांढरे होऊन पुढे आले.

मामा पडद्याजवळ गेला. एकेका पांढऱ्या गोळ्यावर बोट ठेवत कुंडीकडे पाहू लागला. पडद्यावरचा टमाटा, मग झाडावरचा. झाडावरचा चिमटीत धरून दाबायचा. मऊ. पुन्हा पडदा. पुन्हा झाड. सगळे मऊ निघाले.

"म्हंजे असं दिसते लोकायले?" त्यानं विचारलं.

"नेमकं असं नाई. पन इतकं वेगळं दिसते."

"इतकं?" तो म्हणाला. आणि पुन्हा पहिल्या टमाट्यापासून बोट ठेवत गेला. विद्यार्थिनी पाणी आणते म्हणून बाहेर गेली ती लवकर आली नाही.

घरी पोचल्यावर आईला सांगायचं काम मामानंच केलं. आई सुपात मिरच्या निवडत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विश्वास न बसल्यासारखं मूठभर मिरच्या उचलून मामासमोर धरल्या. "यातल्या लाल काढ." मामानं काढल्या. निम्म्या चुकल्या. मग तिनं तीच मूठ माझ्यापुढे धरली. माझ्याही चुकल्या. तिनं मिरच्या सुपात टाकल्या.

"तुह्या बापानं मले कावून नाई सांगतलं?"

"लग्नात अडचन येईन म्हनून."

"माह्या लग्नात थोडीच येनार होती!" ती चिडून म्हणाली. मग विचारलं, "हे येते कुठून?"

मी समजावलं. बहुतेक वेळा हे आईकडून मुलात उतरतं. आईला स्वतःला सगळे रंग नीट दिसतात, त्यामुळे तिला कळायचं काही कारण नसतं. मामाकडेही ते त्या दोघांच्या आईकडूनच आलं असणार.

"म्हंजे दोष आमचाच," आई म्हणाली. "माह्या मायचा आन माहा."

"दोष कायचा बाई," मामा म्हणाला. "आपल्या बापाले माईत असतं तं त्यानं मले मुये-पालक तोडाले लावलं असतं. एवढंच."

आई उठून आत गेली. बाहेर आली तेव्हा तिनं मामाच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "मीबी तुले लय बोलली." मामानं मान हलवली. जेवायला पिठलं-भाकर होती.

विभागातली गाळणी काही मामाला देता येणार नव्हती. पण त्याला ती लागतही नव्हती. आकडे बदलून रोग शोधायला ती हवी. पिकलेला टमाटा ओळखायला एकच पट्टा पुरे. नाटकाच्या दिव्यांवर लावतात तसल्या लाल प्लास्टिकच्या कागदाचे तुकडे आमच्या कपाटात होते. मी एक कापून त्याच्या जुन्या चष्म्याच्या फ्रेमवर बसवला. त्यातून पाहिलं की पानं काळी पडतात आणि पिकलेलं फळ उजळ दिसतं. रंग तोच, एकच. पण काळं-पांढरं आम्हा दोघांना उत्तम कळतं. तो चष्मा लावून रस्त्यानं चालायचं नाही, हे मात्र मी त्याच्याकडून वदवून घेतलं.

मामा परत गेला. काही महिन्यांनी मामीचा फोन आला. चक्कीच्या मागच्या मोकळ्या जागेत त्यानं टमाटे आणि वांगी लावली होती. "दिवसभर लाल चष्मा लावून वाफ्यात बसून राहते," मामी म्हणाली. "गिऱ्हाईक आलं तरी उठत नाई. हे काय करून ठेवलं तुमी?"

दिवाळीनंतर मी हिवरखेडला गेलो. चक्की सुरू होती, मामी दळण घेत होती. मामा मागे वाफ्यात होता. मला पाहताच त्यानं चष्मा काढून माझ्या हातात दिला.

"लावून पाह्य."

खरं सांगायचं तर इतकी वर्षं मी हे सगळं पडद्यावरच पाहत आलो होतो. लाल कागद कापून दिला, पण तो डोळ्याला लावून शेतात कधी उभा राहिलो नव्हतो. मी चष्मा लावला. समोरचा वाफा काळसर झाला आणि त्यात ठिकठिकाणी फळं उजळली, जमिनीलगत, पानांखाली, मी पाहायचा विचारही केला नसता अशा जागी. मी खाली वाकून एक तोडलं. मग पुढचं. मामा माझ्या मागून टोपली सरकवत येत होता आणि मधून मधून म्हणत होता, "तो बी घे. त्याच्या मांगचा." वाफ्याच्या टोकाला पोचलो तेव्हा मामीनं चहासाठी हाक मारली. मी चष्मा त्याला परत दिला आणि आम्ही हात धुवायला हौदाकडे गेलो.