प्रश्नांच्या रकान्यात निरंक

मराठवाड्यातल्या समग्रलक्षी अर्थशास्त्र परिषदेचं नाव तुम्ही ऐकलं नसेल, तर त्यात तुमची काही चूक नाही. देशाचं उत्पन्न, महागाई, बेकारी असल्या अगडबंब गोष्टींवर डोकं चालवणारी शे-सव्वाशे माणसं दर जानेवारीत दोन दिवस एकत्र येतात, निबंध वाचतात, जेवतात, ग्रुप फोटो काढतात आणि आपापल्या गावाला जातात. कधी बीडला, कधी परभणीला, कधी जालन्याला. गाव कुठलंही असो, राबायचं मात्र छत्रपती संभाजीनगरच्या सोनाजी देवकाते सरांनी. तेवीस वर्षं असंच चाललंय. कुणाला कुणाबरोबर एका खोलीत टाकायचं नाही, कोण घोरतो, कुणाला कांदा-लसूण चालत नाही, कोण उद्घाटनाला नक्की येतो म्हणतो आणि हटकून येत नाही, हे सगळं सरांना तोंडपाठ होतं.

सुरुवातीची दोन वर्षं परिषदेचा नुसता बाजार झाला होता. लोक यायचे, निबंध वाचायचे, प्रमाणपत्र घ्यायचे की निघाले एसटी पकडायला. दुसऱ्याचा निबंध ऐकायला थांबतो कोण! तिसऱ्या वर्षी सरांचं टाळकं सरकलं. त्यांनी नियमच करून घेतला. प्रत्येक निबंधामागं एक फॉर्म, त्यात प्रश्नांचा रकाना. सभागृहात, सत्र चालू असताना, निदान एक तरी प्रश्न आला पाहिजे. नाही आला तर तो निबंध परिषदेच्या ग्रंथात छापायचा नाही. ‘कुणी विचारावं असं काही तुमच्या निबंधात नसेल, तर तो छापायचा तरी कशाला?’ सरांनी भर सभेत विचारलं होतं, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या.

आता गंमत बघा. नियम केला सरांनी, आणि तो कुणालाही लागू नये म्हणून जिवाचा आटापिटा केला तोही सरांनीच. कुठल्या तरी तालुक्याच्या गावचा नवखा प्राध्यापक घाम पुसत निबंध संपवायचा, अध्यक्ष ‘काही प्रश्न?’ म्हणायचे आणि सभागृहात सगळे जण मोबाइलमध्ये डोकं घालायचे. सरांना ते बघवायचं नाही. मग शेवटच्या रांगेतून त्यांचा हात वर व्हायचा. प्रश्न उगाच विचारायचा म्हणून नसायचा. सगळे निबंध त्यांनी आठवडाभर आधी वाचलेले असायचे. लिहिणाऱ्यानं एखादी जागा मोकळी ठेवलेली असते, इथं कुणी तरी विचारावं असं त्याच्या मनात असतं, ती जागा सरांना बरोबर सापडायची. प्रश्न ऐकून समोरच्याचा चेहरा खुलायचा. बावीस ग्रंथ निघाले, त्यांतून एकही निबंध गळला नाही.

सरांनी स्वतः मात्र एकदाही निबंध वाचला नव्हता. त्यांची बायको शीला दर वर्षी विचारायची, ‘‘सगळ्यांचं झालं, तुमचं कधी?’’ सर म्हणायचे, ‘‘पुढच्या वर्षी.’’ असं करता करता तीन वर्षांपूर्वी शीला गेली. मूलबाळ नव्हतं. सिडकोतल्या घरात आता सर आणि संध्याकाळी येणारा जेवणाचा डबा, एवढंच. ऑक्टोबर ते जानेवारी परिषदेपायी फोन सारखा खणखणायचा. फेब्रुवारी लागला की जो गप्प व्हायचा, तो व्हायचाच. मग वाजला तर कर्ज हवंय का विचारायला, नाहीतर राँग नंबर. सर त्या राँग नंबरवाल्याशीही दोन मिनिटं बोलायचे. एवढं एकटं पडावं का हो माणसानं?

निबंध नव्हता असंही नाही. अकरा वर्षं तो तयार होत होता. सरांचा जन्म पिशोरजवळच्या वस्तीवरचा, घर मेंढपाळाचं. आई बानाबाई मेंढ्या घेऊन रानोमाळ हिंडायची. शेतकरी आपल्या वावरात मेंढ्या बसवून घ्यायचा, रात्रभरात जमिनीला खत मिळायचं आणि त्या बदल्यात मेंढपाळाला धान्य. पुढं धान्य बंद झालं आणि रोख पैसे सुरू झाले. सरांनी सुट्ट्यांमध्ये फिरून चाळीस घरांची माहिती गोळा केली होती. दाणे मिळत होते तोवर महागाई या माणसांना फारशी शिवत नव्हती. हातात नोटा आल्या आणि महागाई थेट चुलीपाशी येऊन बसली. सरकारी आकड्यांत याचा पत्ताच नव्हता.

निबंधात एक जागा सरांनीही मोकळी ठेवली होती. धान्य सोडून रोख घ्यायचं ठरवलं कुणी? शेतकऱ्यानं की मेंढपाळानं? चाळीसपैकी एका घराचं उत्तर सरांना पक्कं माहीत होतं, कारण ते घर त्यांचंच होतं. पण शोधनिबंधात ‘माझी आई’ असं कसं लिहायचं? तिथं ‘मी’ चालत नाही. कुणी विचारलं तर मात्र सांगता आलं असतं. सभागृहात, सगळ्यांसमोर, एकदाच. जूनमध्ये सर निवृत्त होणार होते. यंदा परिषद घरच्याच गावात, सरांच्याच कॉलेजात होती. आता नाही तर कधीच नाही, असं म्हणून त्यांनी आपलं नाव यादीत घातलं. दुसऱ्या दिवशी, जेवणानंतर, तीन नंबरच्या लहान खोलीत.

विभागप्रमुख विश्वजीतनं यादी बघितली आणि कपाळाला हात लावला. हा सरांचाच विद्यार्थी. त्याचा पहिलावहिला निबंधही सरांच्या प्रश्नामुळंच छापून आला होता. ‘‘सर, तुम्ही आणि तीन नंबरच्या खोलीत? मोठ्या सभागृहात, जेवणाच्या आधी, सगळ्यांसमोर. मी स्वतः अध्यक्ष म्हणून बसतो.’’

‘‘अरे, बारा मिनिटं वाचायचं, पाच मिनिटं प्रश्न. त्याला खोली लई झाली,’’ सर म्हणाले. पण मनातून सुखावले, खोटं कशाला बोला. सव्वाशे माणसं म्हटल्यावर एक तरी हात वर होईलच की.

त्या दिवशी सभागृह खच्चून भरलं. सरांनी शीलानं घेतलेला राखाडी कोट घातला होता. बारा मिनिटांचा निबंध त्यांनी साडेअकरा मिनिटांत संपवला. कागद खाली ठेवले, पाण्याचा घोट घेतला आणि समोर बघितलं. विश्वजीत माइकपाशी आला.

‘‘खरं तर आता प्रश्नोत्तरं,’’ तो म्हणाला, ‘‘पण सरांना प्रश्न विचारायची आपली कुणाची लायकी आहे का? ज्यांनी आपल्याला प्रश्न विचारायला शिकवलं, त्यांना आपण काय विचारणार!’’

टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिल्या रांगेतले तात्यासाहेब, म्हणजे संस्थेचे सचिव, शाल-श्रीफळ घेऊन स्टेजवर आले. त्यांनी सरांच्या खांद्यावर शाल टाकली, हातात नारळ दिला आणि सर किती साधे, किती निःस्वार्थी, यावर एक तास वाटावा असं दहा मिनिटांचं भाषण केलं. निबंधाबद्दल अवाक्षर नाही. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. सरांची नजर मात्र टाळ्या वाजवणाऱ्या हातांमध्ये वर झालेला एखादा हात शोधत होती. मग जेवण तयार असल्याची सूचना झाली आणि सभागृह भराभर रिकामं झालं. कुणाच्या मनात वाईट नव्हतं, हेच तर दुखणं. वाईट असतं तर सरांना निदान भांडता तरी आलं असतं.

जेवणाच्या मांडवात सरांनी फॉर्म मागून घेतला. प्रश्नांचा रकाना कोरा होता.

‘‘सर, तुमचा निबंध पहिल्या पानावर घेऊ,’’ विश्वजीत ताट सावरत म्हणाला. ‘‘तुम्हाला कसला आलाय नियम?’’

‘‘नियम माझाच हाय, विश्वजीत.’’

‘‘मग मी लिहून टाकतो ना एखादा प्रश्न. कोण बघतंय?’’

सरांना राग आला नाही. या पोराला आपण इतकी वर्षं शिकवलं काय, असं त्यांना वाटून गेलं. ‘‘तू जेव,’’ म्हणाले, आणि फॉर्म घडी करून खिशात ठेवला. वरण-भात तसाच राहिला.

जेवणानंतर तीन नंबरच्या खोलीत सर नेहमीसारखे शेवटच्या रांगेत जाऊन बसले. कोट होता, शाल पिशवीत कोंबलेली. त्यांच्या रिकाम्या झालेल्या वेळेत वैजापूरच्या एका कॉलेजातली राजनंदिनी नावाची मुलगी निबंध वाचत होती. कांद्याचे भाव पडले की बाजारगावातला एकूण खर्च कसा आटतो, असा विषय. खोलीत सात माणसं, त्यातली दोन पेंगत होती. ‘काही प्रश्न?’ कुणी हललं नाही. मुलीनं ओठ चावला.

सरांचा हात वर झाला. क्षणभर जड वाटला, पण झाला. ‘‘भाव पडल्यावर बाजारात पहिल्यांदा कोणतं दुकान ओस पडतं, ते तुम्ही मोजलंय का?’’ मुलीचा चेहरा असा फुलला की बस! मोजलं होतं तिनं. कापडाचं नाही, औषधाचं. त्याबद्दल ती पाच मिनिटं न थांबता बोलली. फॉर्मवर प्रश्न नोंदवला गेला.

सत्र संपलं, खोली रिकामी झाली. राजनंदिनी सरांपाशी आली. ‘‘सर, तुमचे आभार मानायचे होते. आणि... सकाळी मला तुम्हाला विचारायचं होतं. लिहून पण ठेवलं होतं. पण सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते. त्यात मी हात वर केला असता तर बरं दिसलं नसतं.’’

तिनं वही उघडून पुढं धरली. सरांनी चष्मा लावला. निळ्या शाईत एकच ओळ होती: धान्य सोडून रोख घ्यायचं ठरवलं कुणी?

सरांनी ती ओळ दोनदा वाचली. ‘‘बसा,’’ ते म्हणाले. ‘‘सांगतो. लई चांगलं विचारलंत तुम्ही. हे बघा, चाळीस घरांतल्या एका घराचं मला...’’

‘‘राजनंदिनी!’’ दारातून हाक आली. ‘‘चल गं, गाडी निघाली वैजापूरची. ड्रायव्हर कटकट करतोय.’’

‘‘सर, सॉरी हं. मी मेल करते, नक्की.’’ तिनं वही उचलली, वाकून नमस्कार केला आणि गेली. तिची तरी काय चूक? अंधार पडायच्या आत घरी पोचायचं होतं.

सर उठून उभे राहिले. समोर रिकाम्या खुर्च्या. त्यांनी बोलायला सुरुवात केली, सभागृहात बोलावं तसं, जरा मोठ्यानं.

‘‘प्रश्न असा आहे, की ठरवलं कुणी. बाकीच्या घरांचं मला खात्रीनं सांगता येणार नाही. एका घरात आईनं ठरवलं. बानाबाई तिचं नाव. पोरगा इथं शहरात शिकायला होता. खानावळवाला दाणे घेत नव्हता, त्याला नोटा लागायच्या. ती वावराच्या मालकाला म्हणाली, दाणं नगं आता, पैकं द्या, पोराची खानावळ हाय. त्या वर्षी घरात दाणे आले नाहीत. पुढं ज्वारी महागली. ती एका वेळेलाच जेवायची. मला कळू दिलं नाही. मी अर्थशास्त्र शिकत होतो.’’

ते थांबले. मग म्हणाले, ‘‘एवढंच. धन्यवाद.’’

खुर्च्या गोळा करायला आलेला कॉलेजचा शिपाई फकिरा दारात थबकला होता. त्यानं खोलीत इकडंतिकडं बघितलं.

‘‘कुणाशी बोलता, सर?’’

सरांनी खिशातून फॉर्म काढला, टेबलावर ठेवून प्रश्नांच्या रकान्यात ‘निरंक’ लिहिलं आणि खाली सही केली. सत्र केव्हाच संपलं होतं.

‘‘एक प्रश्न आला होता, फकिरा,’’ ते म्हणाले. ‘‘त्याचं उत्तर देत होतो.’’