आक्काच्या हातचं ओवाळणं

सुनेनं टिळकवाडीतनं नातीसाठी एक चित्रांचं पुस्तक आणलं होतं. मी चौथी शिकलेला, पण त्यातली अक्षरं मोठी आणि थोडी, म्हणून मीच ते वाचून दाखवायचो. त्यातली पोरगी झाडावर चढते, गाडीचं चाक बदलते, आणि कुणी "मुलींनी असं करायचं नसतं" म्हटलं की विचारते, "कुणी ठरवलं?" नातीनं तेवढंच उचललं. आंघोळ कर म्हटलं तरी, "कुणी ठरवलं?" माझी बायको हसायची. म्हणायची, "आण गं अजून असली पुस्तकं."

ती फाल्गुनात गेली. वैशाखात नातीचा वाढदिवस. दरवर्षी तिला बायकोच ओवाळायची. यंदा सुनेनं शेजारणीला बोलावलं. ताट तयार झालं, तर नात पाटावरनं उठली आणि स्वयंपाकघरात जाऊन आक्काचा हात धरला. आक्का माझी थोरली बहीण. नवरा गेल्यापासनं आमच्यातच असते. नात तिच्याच कुशीत झोपायची.

"सोड गं. माझं काम न्हवं ते."

"कुणी ठरवलं?"

सून म्हणाली, "बाळा, काकी आल्यात की." पुस्तक तिनंच आणलेलं, पण तिचा चेहरा उतरला. तिला तरी काय बोलू. गेल्या पावसात पोरगी डेंगूनं दवाखान्यात होती, तेव्हापासनं तिला अपशकुनाची धास्ती.

मग मी तोंड उघडलं. बायको गेली तेव्हा भाऊबंदांनी माझ्या डोक्यावर नवी टोपी घातली. आक्काचा नवरा गेला तेव्हा ओढ्यावर दगडानं तिच्या बांगड्या फोडल्या. मनगटातनं रक्त आलेलं मी बघितलंय.

"मी बी रंडकाच हाय," म्हटलं. "मला पुढं खुर्ची दिलीसा. मग हिला चुलीपाशी का?"

शेजारणीनं ताट आक्काच्या हातात दिलं. आक्कानं ओवाळलं. नजर ताटावरनं वर उचलली नाही तिनं. नात मात्र मान ताठ करून बसली होती.

चार दिवसांनी नातीला ताप भरला. डॉक्टर म्हणाला, साधा व्हायरल आहे. घरात आक्काला कुणी चकार शब्द बोललं नाही. तिनंच आपली वाकळ उचलली आणि बाहेर सोप्यात नेऊन टाकली.

मी म्हटलं, "आक्का, गावभर ताप हाय. त्या सगळ्या पोरास्नी काय तू ओवाळलंस?"

"तू गप रं. तू बोललास म्हणून मी ताटाला हात लावला. तुझी बायको असती तर तिनं मला असं चौघांत उभं केलं नसतं."

ते मला लागलं. खरंही असेल. बायकोला माणसाच्या मनातलं कळायचं. मला नुसतं बोलता येतं.

ताप उतरला, पोरगी शाळेला जाऊ लागली. आक्का अजून सोप्यातच झोपते. नात जवळ आली की काहीतरी काम काढून उठते. परवा नात माझ्याजवळ येऊन बसली.

"आज्जा, माझं चुकलं काय?"

"न्हाय."

"मग आक्काआज्जी मला जवळ का घेत न्हाय?"

मी परसाकडं बघितलं. आक्का भांडी घासत होती, घासून झालेलीच परत.