कपाटातली मोकळी फळी

आमचे हे सैनिक नव्हते, पण लढाईच्या मुलखातच असायचे. ऐंशीनंतरच्या त्या वर्षांत इराकात एका कंत्राटदार कंपनीसाठी ते लष्करी छावणीतले जनरेटर सांभाळत. अकरा महिने तिकडे, दीड महिना घरी. रेडिओवर तिकडच्या बॉम्बफेकीची बातमी लागली की मी चुलीवरचं सोडून धावायचे आणि करपलेल्या भाताचा राग मुलांवर काढायचे.

वाटायचं, घरी आले की जिवाला स्वस्थता मिळेल. कसलं काय! दोन दिवस पाहुण्यासारखे बसायचे, मग अंगणात येरझाऱ्या. शेजाऱ्याचा पंप उघड, कुणाची सायकल खोल. भांडं पडलं तरी दचकून दारापर्यंत जायचे. कपाटातली एक फळी मी त्यांच्यासाठी मोकळी ठेवली होती, तिच्यावर त्यांनी कधी रुमालही ठेवला नाही. मी धुऊन घड्या घातलेले कपडे ते पुन्हा खाटेखालच्या बॅगेत भरायचे. त्या बॅगेला मी सवतीसारखं पाण्यात पाहायचे.

पाचव्यांदा निघाले तेव्हा नेहमीसारखं ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घालायचं होतं. गुरव देवाला हकिगत सांगून मागणं मागतो आणि जमलेले लोक होकार भरतात. आदल्या दिवशी मी गुरवकाकांना गाठून म्हटलं, या खेपेला माझ्या शब्दांत मागा.

सकाळी त्यांनी सुरुवात केली, "बा देवा महाराजा, हा तुझा लेक लढाईच्या मुलखात चाललाय. त्याला सुखरूप परत आण."

"होय महाराजा!" सगळ्यांबरोबर हेही म्हणाले.

"त्याची घरधनीण सांगते, हा घरी येतो पण घरात नसतो. आता आणशील तो पुरता आण, महाराजा."

लोक सवयीने "होय महाराजा" म्हणून मोकळे झाले. ह्यांचा आवाज तेवढा आला नाही.

एसटीत हातखंब्यापर्यंत ते बॅग मांडीवर धरून खिडकीबाहेरच बघत राहिले. माणूस निघालाय जोखमीच्या वाटेला, आणि मी चारचौघांत त्याची अब्रू काढली. हीच शेवटची भेट ठरली तर? तिथल्या तिठ्यावर, जिथे तीन रस्ते मिळतात, मुंबईच्या गाडीची वाट पाहताना मीच विचारलं, "अहो, रागावलात?"

"खरा ताच बोललीस गो," ते रस्त्याकडे बघत म्हणाले. "पन मी तरी काय करू? हिकडं बसलो तरी कान तिकडंच असतात. जनरेटर बंद पडला काय, म्हनून."

गाडी दिसली. त्यांनी घाईने बॅग उघडून वरचे दोन शर्ट माझ्या हातात कोंबले. "फळीवर ठेव. कुनाला देऊ नको."

ते अकरा महिने बातम्या लागल्या की मी आधी कपाटाकडे धावायचे, मग रेडिओकडे.

ते आले. बॅग खाटेखालीच गेली, भरलेली. पण दीड महिना तेच दोन शर्ट आलटूनपालटून घातले आणि सहाव्यांदा निघताना फळीवर तीन ठेवून गेले. देवाने ऐकलं होतं, पण त्याला घाई कसली! घाई मला होती.