धाकटा असल्याचा पुरावा

मी जन्मलो होतो याबद्दल आमच्या घरात कधीच वाद नव्हता. वाद होता तो कधी जन्मलो याबद्दल.

आबा, म्हणजे माझे वडील, सांगत की तापीचं पाणी मारुतीच्या पायरीला लागलं त्या साली. मायचं म्हणणं, त्या साली पूर कसला, उलट विहिरीचा तळ दिसत होता!

"बाळंतीन मी व्हती का तुम्ही?" असं मायने विचारलं की आबा बैलांना पाणी पाजायला निघून जात. (बैलांना तहान लागलेली असो वा नसो.)

आमचं गाव शहादे तालुक्यात, कळसाडीच्या शेजारचं. शाळेत नाव घालायला आबा मला घेऊन गेले, तेव्हा गुरुजींनी विचारलं, "वय काय?" आबांनी जमिनीपासून हात वर धरून दाखवलं, "इतला." गुरुजींनी हाताची उंची बघितली, मनाशी काही हिशेब केला आणि एक जून लिहून टाकला. पुढे कळलं की आमचा अख्खा वर्ग एक जूनला जन्मला होता! कुणाचा हात उंच, कुणाचा ठेंगणा, त्याप्रमाणे साल तेवढं बदललेलं.

या एक जूनने पुढे माझा घात केला. मराठी फायनल पास झाल्यावर मी मास्तरच्या जागेसाठी धुळ्याला अर्ज केला. घराण्यात सरकारी पगार खाणारा पहिला माणूस मी होणार, म्हणून आबांनी अर्ज टाकण्याआधीच गावभर सांगून ठेवलं होतं. धुळ्याहून उत्तर आलं: तुमच्या गावचे सर्वच उमेदवार एकाच तारखेस जन्मलेले दिसतात. तरी जन्ममृत्यूच्या रजिस्टरातली खरी नक्कल तालुका कचेरीतून आणून मुदतीत हजर करावी, नपेक्षा अर्ज रद्द समजावा.

दुसऱ्याच दिवशी आबांनी गाडी जुंपली. शेजाऱ्याचा कोट मागून आणला होता. तो शेजारी अंगाने दुप्पट, त्यामुळे कोट आबांनी घातला होता की कोटाने आबांना, ते सांगणं कठीण होतं. वाटभर ते काहीतरी पुटपुटत होते. कचेरीत शुद्ध बोलायचं म्हणून सराव चालला होता.

रेकॉर्डचे कारकून गणपुले म्हणून होते. देशावरून बदलून आलेले, कृश, अत्यंत नेमस्त. आबांनी हात जोडले, मला पुढे केलं आणि वाटभर घोकलेलं वाक्य सोडलं:

"रावसाहेब, आम्हांस आंडोरच्या जन्माची नक्कल पाहिजे आहे शे."

"आहे की शे?" गणपुल्यांनी मान वर न करता विचारलं. "एक काय ते ठरवा."

त्यानंतर कचेरीत बोलायचं काम आबांनी माझ्यावर सोपवलं.

अर्ज लिहून दिला, तिकीट चिकटवलं, पुढच्या बाजारच्या दिवशी पुन्हा हजर झालो. गणपुल्यांनी दोन जाडजूड रजिस्टरं पुढे ओढली आणि वाचायला सुरुवात केली.

"विठ्ठल नथ्थू यांस पुत्र झाला. नावाचा रकाना कोरा."

"होय साहेब, तो मीच," मी घाईने म्हणालो.

"थांबा. पुढे पुन्हा, विठ्ठल नथ्थू यांस पुत्र झाला. नावाचा रकाना कोरा." मग त्यांनी दुसरं रजिस्टर उघडलं. "आणि हे मृत्यूचं. विठ्ठल नथ्थू यांचा मुलगा. कारण, ताप. नाव कोरं, वय कोरं. तारीख मात्र दोन्ही जन्मांनंतरची."

मी आबांकडे पाहिलं. ते खिडकीतून बाहेर, कुठेच न बघता बघत होते.

माझ्या आधी एक मुलगा होता, एवढं मला ठाऊक होतं. लहानपणी एकदा आत्या बोलता बोलता "तुन्हा पहिलेना" असं म्हणून गेली होती आणि माय ताटावरून उठून परसात निघून गेली होती. तेव्हापासून तो विषय घरात पुन्हा कुणी काढला नाही. त्याचं नावसुद्धा मला माहीत नव्हतं.

"साहेब, थोरला वारला," मी म्हणालो. "मी धाकटा."

"पुरावा?"

"मी समोर उभा आहे की!"

"दोघांपैकी एक जण उभा आहे, हे मलाही दिसतंय. कोणता, ते कागदावर कुठे आहे?"

मी मराठी फायनल पास झालेला होतो. तर्काने बोलावं असं ठरवलं. "साहेब, जो वारला तो मी नाही."

"मान्य."

"म्हणजे मी दुसरा!"

"दुसरा म्हणजे धाकटा असं कुठे आहे? धाकटा वारला असेल तर दुसरा थोरला."

"पण मी थोरला असतो, तर धाकटा वारला असता!"

"तेच तर म्हणतोय मी."

इथे माझी मलाच शंका यायला लागली.

गणपुल्यांचा संशय निव्वळ हट्ट नव्हता. थोरल्याच्या तारखेने पाहिलं तर मी मास्तरकीच्या वयाची अट ओलांडून गेलो होतो. धाकट्याच्या तारखेने नीट बसत होतो. "नोकरीसाठी धाकटे होणारे इथे पुष्कळ येतात," ते शांतपणे म्हणाले. "ज्याने या नोंदी केल्या त्या पोलीस पाटलाचा जबाब आणा."

नोंदी करणारा पाटील केव्हाच वारला होता. त्याचा मुलगा आता पाटील. त्याला गाठलं तर तो म्हणाला, "मी त्या वखतले पाळनामा व्हतू, भाऊ. पन तू म्हनशी तसं लिखी देस." आम्ही तसं लिहून घेतलं. गणपुल्यांनी पाटलाचं वय विचारलं, बोटांवर काही मोजलं आणि तो कागद आम्हाला परत दिला. पाळण्यातल्या माणसाची साक्ष सरकार धरत नाही, हे नवं ज्ञान घेऊन आम्ही परत निघालो.

गाडीत आबा पहिल्यांदा बोलले. "घरमा काही बोलू नको. तुन्ही मायले तर मुळीच नही. समजनं?"

मी मान डोलावली. अगदी गंभीरपणे डोलावली. आणि घरात पाय ठेवतो न ठेवतो तोच चुलीपुढून मायने विचारलं, "भेटना का रे कागद?" तर मी म्हणालो, "भेटता व्हता माय, पन तुन्हा कोनता पोऱ्या मरना ते त्यासले—"

वाक्य अर्ध्यावर सोडलं. पण अर्धं पुरेसं होतं.

तव्यावर कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकर होती. ती फुगली, करपली, तिचा धूर निघायला लागला, तरी मायचा हात हलला नाही. आबांनी पुढे होऊन भाकर उतरवली, बोटं भाजून घेतली. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी थोरला असो वा धाकटा, त्या क्षणी दोन्ही नसतो तर बरं झालं असतं!

परातीतलं पीठ झाकत माय म्हणाली, "सकाय गाडी जुपा. मी येसू."

"कोठे?" आबांनी विचारलं.

"कचेरीमा. त्यासले ठावं नही ना? माले ठावं शे."

मायने त्याआधी कचेरी कधी बाहेरूनही पाहिली नव्हती. सकाळी तिने लग्नात नेसतात ते लुगडं नेसलं, डोईवरचा पदर कपाळापर्यंत ओढला आणि गाडीत बसली. शहादे येईपर्यंत तिने एकदाही इकडे तिकडे बघितलं नाही.

प्रकरण गुंत्याचं म्हणून गणपुल्यांनी आम्हाला थेट मामलेदारसाहेबांपुढे उभं केलं. साहेब वयस्क होते, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. त्यांनी मायला बसायला सांगितलं. ती बसली नाही. गणपुले लेखणी घेऊन सरसावले. "म्हणा, ईश्वरासमक्ष खरं सांगेन, खोटं सांगणार नाही."

"त्यान्हासमोर खोटं सांगीसन काय भेटी?" माय म्हणाली. "त्याले समदं ठावं शे."

साहेबांनी खुणेनेच गणपुल्यांना पुढचं लिहायला सांगितलं आणि स्वतः विचारलं, "बाई, तुमचा कोणता मुलगा गेला?"

"थोरला. नारू."

माझ्या भावाचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते असं, कचेरीत, आणि तेही शपथेवर.

"कशावरून थोरला?" गणपुल्यांनी विचारलं.

मायने त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू त्यांनी सूर्य कशावरून उगवतो असं विचारलं होतं. मग ती बोलायला लागली. एकदा सुरू झाल्यावर थांबेना. नारूचा पाय घरात ठरत नसे. गोठ्यात जाऊन बैलाच्या शेपटीला लोंबकळे, आणि मारका बैलसुद्धा त्याला लाथ मारत नसे. बोलायला लागला तो थेट पोपटासारखा. पाहुण्यांना गाव विचारी, घर विचारी, गूळ आणलाय का तेही विचारी.

"बाई, एवढं नको," गणपुले मध्येच म्हणाले. "फक्त थोरला की—"

"बोलू द्या," साहेब म्हणाले. मग त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "आणि हा?"

मायने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"हाऊ?" ती म्हणाली. "हाऊ त्यान्हा मानाने काहीच नही, साहेब."

मी कॉलर नीट केली.

"रडे नही, हसे नही. नुसता देखत पडे. सासू म्हने, पोऱ्या येडा शे. तर नारू पाळना हालाये नि म्हने, 'येडा नही माय, हाऊ इचार करी ऱ्हायना.'" मायने पदर पुढे ओढला. "नारू गया, तवय हाऊ पाळनामाच व्हता. मंग दोन बरीसना व्हयना तरी शबद नही तोंडमा. माले वाटनं, बोलाडा लई गया देव, नि मुका माले दिना."

गणपुल्यांची लेखणी सुरूच होती.

"तापमा त्याने पानी मांगं," माय म्हणाली. "मी रांजनकडे गऊ. परत उनू तवय..."

लेखणी थांबली. साहेबांनी समोरच्या दौतीचं बूच उगाच काढलं, उगाच लावलं. मग त्यांनी आबांना विचारलं, "तुमचं काय म्हणणं आहे?"

आबा त्या ढगळ कोटात पार बुडून गेले होते. घोकलेली शुद्ध भाषा त्यांना आठवली नाही. "नारू हुशारच व्हता, साहेब," एवढंच म्हणाले आणि कोटाच्या बाहीने तोंड पुसलं. ते नाव त्यांच्या तोंडून माय कितीतरी वर्षांनी ऐकत असावी. ती त्यांच्याकडे वळून बघत राहिली.

गणपुल्यांनी जबानी वाचून दाखवली. मायचं सगळं बोलणं त्यांनी कचेरीच्या मराठीत बसवलं होतं: "मयत मुलगा तल्लख व वाचाळ होता. अर्जदार हा जन्मतः मंद असून पुष्कळ उशिरापर्यंत त्यास वाचा फुटली नव्हती. सबब, हयात मुलगा हाच कनिष्ठ."

त्या 'सबब'पुढे माझी मराठी फायनल काहीच नव्हती.

मायच्या अंगठ्याला शाई लावली, तिने कागदावर तो उमटवला. काम संपलं असं समजून आम्ही निघालो, तर ती जागची हलेना. "साहेब, त्यान्हं नाव लिखा ना. पाटीलनी लिखंच नही."

गणपुले काही बोलणार होते. साहेब म्हणाले, "जबानीच्या आधारे लिहा. जन्माच्या आणि मृत्यूच्या, दोन्ही नोंदींत लिहा. याचंही लिहा." गणपुल्यांनी खाली जबानीचा दाखला देऊन कोऱ्या रकान्यात वळणदार अक्षरात 'नारायण' लिहिलं. (नारूचं पूर्ण नाव विचारल्यावर मायने ते सांगितलं होतं.) पुढच्या नोंदीत 'यशवंत' लिहिलं. तो मी.

"कोठे शे?" मायने मला विचारलं. तिला वाचता येत नव्हतं.

मी बोट ठेवून दाखवलं. "हाऊ देख. नारायण."

तिने वाकून पाहिलं आणि अक्षरांवरून हात फिरवला. अंगठ्याची शाई अजून ओली होती. नावाशेजारी एक निळाकाळा ठसा उमटला.

"अहो बाई! सरकारी रजिस्टर आहे ते!" गणपुले ओरडले आणि टीपकागद शोधायला लागले.

"असू द्या, गणपुले," साहेब म्हणाले. "टिपू नका."

नक्कल मिळाली. पण नक्कल म्हणजे नुसती तारीख नव्हे. नोंद कशाच्या आधारे पुरी केली ते दाखवायला मायची जबानी तिला जोडलेली, आणि दोन्हींवर गोल शिक्का. ती जबानी घेऊन मास्तरकी मागायला धुळ्याला जायचं होतं! मी गणपुल्यांना म्हटलं, "साहेब, जबानी काढून नुसती तारीख दिली तर?" ते म्हणाले, "अपुरी नक्कल ग्राह्य धरत नाहीत."

शेवटी तशीच घेऊन गेलो. शाळाखात्याच्या साहेबांनी तारीख पाहिली, पान उलटलं, जबानी वाचली. मग चष्मा पुसून पुन्हा वाचली.

"हे तुझ्या आईने सांगितलं?"

"होय साहेब."

"शपथेवर?"

"होय साहेब."

त्यांनी थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं. "इथे येणारा प्रत्येक उमेदवार बृहस्पती असतो," ते म्हणाले. "खरी गोष्ट कळायला आम्हाला वर्ष लागतं. तुझ्या बाबतीत तेवढा वेळ वाचला." आणि त्यांनी सही केली.

त्या दिवशी नेमणूक झालेल्या मास्तरांत स्वतःच्या बुद्धीबद्दल सरकारी शिक्क्याचा पुरावा असलेला मी एकटाच होतो. बाकीच्यांकडे नुसती शिफारसपत्रं होती.