वर बघायचं काम

"रविवार हाय ना आज. घारींचं बी लगीनच समजा!"

लॉनच्या मागच्या भिंतीपाशी भाताच्या पातेल्यावरचं झाकण उचलत आचारी त्याच्या मदतीच्या बाईला म्हणाला आणि दोघं हसली. मी पाण्याच्या टाकीच्या सावलीत उभी होते. ते माझ्याशी बोलत नव्हते, तरी मी वर पाहिलं. घारी होत्या, आणि एक-दोन नव्हत्या. पडेगावचा रस्ता ओलांडला की मटणाचं दुकान आहे. रविवारी दुपारी गर्दी ओसरली की दुकानदार उरलेले तुकडे हवेत भिरकावतो आणि घारी ते वरच्या वर झेलतात, असं आचारी सांगत होता. "एक बी खाली पडू देत नायत," तो म्हणाला. त्याला त्याचं कौतुक वाटत होतं.

ताईचं लग्न होतं. सख्ख्या बहिणीच्या लग्नात मी स्टेजवर असायला हवं होतं. पण तिथं उभं राहिलं की मावश्या एकामागून एक विचारत राहतात, आता तुझं कधी, आणि इंग्रजी शाळेमुळे म्हणा की स्वभावामुळे, मला त्यांच्या वेगानं उत्तर सुचत नाही. म्हणून मावसभाऊ जेव्हा म्हणाला, ड्रोनसाठी माझ्याजवळ एक माणूस लागेल, तेव्हा मी लगेच हो म्हटलं. हा दादा लग्नांचे व्हिडिओ काढतो. उन्हात स्क्रीन नीट दिसत नाही, त्यामुळे उडवताना तो डोक्यावरून काळं कापड घेतो. मग त्याला स्क्रीन दिसते, आकाश दिसत नाही. ते दुसऱ्या कुणीतरी बघायचं. तार, फांदी, पतंग, काही जवळ आलं की सांगायचं. मला वाटलं, बघणं तर मला जमतंच.

सकाळी रिकाम्या खुर्च्यांवर त्यानं ड्रोन एकदा उडवून पाहिला. घारींनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मी मात्र दोघांकडे पाहत होते. घार पंख जवळजवळ हलवत नाही. तापलेल्या जमिनीवरून हवा वर चढते, तिच्यात ती पंख पसरून गोल फिरते आणि ती हवाच तिला उचलत नेते. वळायचं तर शेपूट जराशी पिळते, बस. वर चढणारी हवा संपली तरी तिच्याजवळ पंख उरतात, ती तरंगत खाली येते. ड्रोनला पंख नाहीत. त्याची चार पाती हवा खाली ढकलतात म्हणून तो वर राहतो. त्यातलं एक तुटलं की बाकीची तीन त्याला सावरत नाहीत, त्यांचाच जोर त्याला उलटा करतो, आणि मग तो दगडासारखा येतो. फिजिक्समध्ये हे सगळं मी आकृत्या काढून लिहिलं होतं. तेव्हा आकृतीच्या खाली कुणी बसलेलं नव्हतं.

आमच्या बौद्ध लग्नांत अक्षता नसतात, फुलं टाकतात. दादानं ठरवलं होतं की यावेळी फुलं वरून पडतील. ड्रोनखाली पाकळ्यांची पिशवी लटकवायची आणि ताई-जिजूंच्या डोक्यावर आल्यावर तिची दोरी सोडायची. व्हिडिओत उठून दिसावी म्हणून त्यानं लाल मखमलीची पिशवी शिवून आणली होती. पाकळ्या सुकू नयेत म्हणून आईनं त्यांवर भरपूर पाणी शिंपडलं. दुपारपर्यंत ते पाणी मखमलीत उतरलं. दादानं पिशवी ड्रोनला बांधली तेव्हा ती जड झाली होती, गडद झाली होती आणि उन्हात चमकत होती.

"दादा, ती मटणासारखी दिसतेय," मी म्हटलं.

"भूक लागली का तुला? थांब ना, पंगत बसू दे."

"नाही, वर घारी आहेत."

"असू दे की. त्यांचा पण फोटो काढू, फुकटात." तो कापडात शिरला. आतून म्हणाला, "आणि हे बघ, उडवताना मला हात लावायचा नाही. बोट सरकलं तर वाट लागेल."

मी वर बघत राहिले.

भन्तेजींनी त्रिशरण सुरू केलं तेव्हा सगळं लॉन शांत झालं. पांढऱ्या साड्या, पांढरे शर्ट, जोडलेले हात. पहिल्या रांगेत आई आणि मावश्या, त्यांच्या मांडीवर पोरं. ड्रोन उठला, सरकत सरकत स्टेजपाशी गेला आणि थांबला. आता प्रतिज्ञा संपेपर्यंत तो तिथंच, पहिल्या रांगेच्या वर, वाट बघत राहणार होता. खाली लाल पिशवी हळूहळू झुलत होती.

एक घार गोलातून बाहेर पडली.

कुणाला काही लागलं नाही, हे आज माहीत आहे म्हणून मी हे लिहू शकते. तेव्हा माहीत नव्हतं. तिनं पंख अर्धे मिटले आणि ती घरंगळल्यासारखी खाली आली. शेवटच्या क्षणी पाय पुढे काढले. नख्या पिशवीला घासून गेल्या. ड्रोन डगमगला, एका बाजूला कलला, पात्यांचा आवाज चिरका झाला आणि मग तो पुन्हा सरळ झाला. कापडाखालून दादा पुटपुटला, "वारा आला वाटतं." कॅमेरा खाली बघत होता. वरची घार त्याच्या स्क्रीनमध्ये नव्हतीच.

"दादा," मी म्हटलं. शेजारच्या स्पीकरमधून भन्तेजींचा आवाज येत होता, त्यात माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. ओरडायला हवं होतं. पण ताईच्या प्रतिज्ञेच्या मध्ये ओरडायचं, सगळ्यांनी वळून बघायचं, आणि नंतर काहीच झालं नाही तर? मी आईच्या डोक्याकडे पाहिलं. तिच्या भांगाच्या बरोबर वर ती पाती फिरत होती. एवढ्यात आणखी दोन घारी वळल्या. पहिली परत वर चढत होती, यावेळी जास्त उंच.

मी दादाच्या डोक्यावरचं कापड ओढून काढलं.

"ए! काय करतेस, वेडी झालीस का?" तो उन्हात डोळे मिचकावत एवढ्या जोरात ओरडला की भन्तेजी थांबले. ताईनं मान वर केली. पहिली रांग वळली, मग दुसरी, मग सगळं लॉन. ज्याला मी आयुष्यभर घाबरत आले ते माझ्यासमोर बसलं होतं, पांढऱ्या कपड्यांत, माझ्याकडे बघत. दादाचे अंगठे लिव्हरवर होते. तो ड्रोन सरळ खाली उतरवायला निघाला होता, त्या माणसांमध्येच.

"खाली नको, दादा! पार्किंगकडे ने, तिकडे कुणी नाही! घारींना ती पिशवी मांस वाटतेय, आणि खाली आई बसलीय!"