ओसरीवरचा वजनकाटा

अख्ख्या पारोळ्यात माझ्या सासऱ्यांइतका भित्रा माणूस शोधून सापडायचा नाही. आभाळ दाटलं की ते घाबरतात आणि उघडलं की जास्त घाबरतात. गाव त्यांना नाना म्हणतं. हयात कापसाच्या व्यापारात गेल्यामुळे त्यांचा विश्वास काट्यावर, माणसांवर बेताचाच. शिवाय जुन्या वळणाचे, त्यामुळे सुनेशी थेट बोलायचं नाही. मला सांगायचं ते सासूबाईंना सांगतात, आणि त्या घरात नसल्या तर तुळशीला. "आज ऊन भलतं शे, कोनी बाहेर जावानं नही," असं त्यांनी तुळशीला दरडावलेलं मी स्वतः ऐकलंय.

मला दिवस गेले तेव्हा धुळ्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वजन आधीच जास्त आहे, रक्तदाबही काठावर आहे, दोन्हींवर लक्ष ठेवा. झालं! दुसऱ्या दिवशी दुकानातला लोखंडी वजनकाटा ओसरीवर हजर. दर सोमवारी मी त्यावर उभी राहायची, सासूबाईंनी आकडा वाचायचा आणि नानांनी खांबाकडे तोंड करून हुकूम सोडायचा, "पंखा बंद करा, काटा हालस!" पोत्याचं बारदान वजा करतात तसं माझ्या साडी-बांगड्यांचंही वजा व्हायचं. एकदा मी जड काठाची साडी नेसले, आकडा वाढला, नानांनी धुळ्याला जायला जीप बोलावली. एकदा माझ्यामागे काट्यावर मांजर येऊन बसलं होतं, तेव्हाही जीप आली. पुढे पुढे जीपवाला आमच्या दारावरून जाताना सहज विचारून जायचा.

डोहाळजेवणानंतरच्या सोमवारी मात्र आकडा भलताच चढला. सासूबाई खूश. "पोर अंग धरी राह्यनं," त्या म्हणाल्या. माझी जोडवी रुतत होती, डोकं ठणकत होतं, पण समारंभाची दगदग म्हणून मीही सोडून दिलं होतं. नानांनी पंखा पाहिला, तो बंद होता. मांजर पाहिलं, ते चुलीपाशी होतं. साडी रोजचीच होती. मग ते वळले आणि लग्नानंतर पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिलं.

"माय," लेकीला हाक मारावी तसं ते म्हणाले, "आठ दिनमा खाईसन इतलं वजन वाढत नही. हाई पानी शे."

वजन वाढवायला पाणी मारलेला कापूस पकडण्यात त्यांचा जन्म गेला होता. "मांजर का साडी?" दाराशी जीप लावत जीपवाल्याने हसत विचारलं. नाना अनवाणीच पुढे चढून बसले. त्यांच्या भीतीला आम्ही कायम हसत आलो, पण त्या दिवशी मीही घाबरले, आणि पोटातलं हलतंय का ते धुळे येईपर्यंत चाचपत राहिले.

रक्तदाब फार चढला होता. "आजच आणलंत हे बरं केलंत, नाहीतर दोघांच्याही जिवावर बेतलं असतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि मला दाखल करून घेतलं. दाराशी घामाघूम उभ्या असलेल्या नानांच्या दंडालाही नर्सने पट्टा गुंडाळला, आणि आकडा पाहून त्यांनाही आडवं केलं.

मुलगी लवकर झाली, इवलीशी. काचेच्या पेटीतून सुटून ती घरी आली तेव्हा सासूबाईंनी तिला काट्यावर ठेवायला हौसेने हात पुढे केले. नानांनी ओंजळीत धरलेली नात दिलीच नाही.

आता ती घर डोक्यावर घेते. काटा परत दुकानात गेला, आणि नाना परत तुळशीकडे वळले. मला वाईट वाटत नाही असं नाही. चहाचा कप खांबापाशी ठेवताना रोज वाटतं, काहीही बिनसलेलं नसताना, उगाचच, त्यांनी मला एकदा 'माय' म्हणावं.